छत्तीस महिन्यांची फाइल

मी पगारपत्रकं करते. महिन्याच्या २५ तारखेनंतर मला कोणी फोन करू नये, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा असते. डोळ्यांनी कमी दिसतं. प्रमाणपत्रावर टक्केवारी आहे, पण ती सांगत नाही, कारण ती कळली की लोक माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागतात. (कान शाबूत आहेत हो.)

रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी एक फाइल टेबलावर ठेवली. केंद्र सरकारची २००८ सालची योजना. तेव्हाचा नियम असा: खासगी कंपनीनं अपंग व्यक्तीला कामावर घेतलं तर तिच्या भविष्य निर्वाह निधीतला आणि कर्मचारी राज्य विम्यातला मालकाचा वाटा पहिली तीन वर्षं सरकार भरणार. पगाराची मर्यादा तेव्हा महिना २५,००० रुपये होती. "तुम्हीच भरा मॅडम, तुम्हाला यातलं जास्त कळेल." म्हणजे माझ्यामुळे कंपनीचे किती वाचतात, त्याचा हिशेब मीच मांडायचा!

मांडला. अगदी मान खाली घालून. कागद नाकाशी नेल्याशिवाय मला आकडे दिसतच नाहीत. माझा पगार, प्रमाणपत्राची प्रत, रुजू झाल्याची तारीख, सगळ्याला फाइलीत जागा होती. मला काम करायला काय लागतं, त्याला मात्र एकही रकाना नव्हता. लागत होतं तरी काय? मोठा स्क्रीन, तो डोळ्यांजवळ ओढता येईल असा स्टँड आणि अक्षरं मोठी करणारं सॉफ्टवेअर. मागितलं तर "बजेट नाही". मग घरून भिंग नेलं. डाव्या हातात भिंग, उजव्या हातात माउस, आणि फोन वाजला की यातलं काय खाली ठेवायचं ते ठरवायचं.

माझं भांडण आहे ते इथे. माणूस दारातून आत आणला की पैसे मिळतात, पुढे तो कुठे आणि कसा बसतो ते कोणी विचारत नाही. अमेरिकेत १९९६ साली आलेली करसवलत बघा, २०२५ अखेरपर्यंतच्या भरतीला ती लागू होती. पुनर्वसन यंत्रणेकडून आलेल्या अपंग उमेदवाराला घेतलं, त्यानं किमान ४०० तास काम केलं, की पहिल्या वर्षाच्या पगारातल्या ६,००० डॉलरपर्यंतच्या रकमेचे ४० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,४०० डॉलर, मालकाच्या करातून वजा. तासाला १५ डॉलर धरा. बरोबर ४०० तासांत ६,००० पुरे, म्हणजे दहा आठवड्यांत खेळ आटोपला. अकराव्या आठवड्यात त्या माणसाला ठेवून घ्यायला ही सवलत मालकाला एक डॉलरही देत नव्हती.

जर्मनीत दंडाचा मार्ग आहे: २० किंवा जास्त नोकऱ्या असतील तर ५ टक्के जागा तीव्र अपंगत्व असलेल्यांना, नाहीतर न भरलेल्या प्रत्येक जागेमागे आकार भरा. तो पैसा कामाच्या जागा सोयीच्या करायलाही वापरतात, हे मला पटतं. पण हेवा वाटला तो ब्रिटनच्या 'ॲक्सेस टू वर्क'चा. तिथे अर्ज कर्मचारी स्वतः करतो. उपकरणं, सांकेतिक भाषेचा दुभाषी, बस-रेल्वेनं जाणं जमत नसेल तर टॅक्सीचं भाडंसुद्धा. माझा स्टँड तिथे नक्की बसला असता.

आपल्या २०१६च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातलं कलम ३५ म्हणतं की खासगी क्षेत्रात किमान ५ टक्के कर्मचारी अपंग असावेत म्हणून सरकारनं मालकांना प्रोत्साहन द्यावं, पण "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत". आमच्या खात्यात याला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात.

तरी खोटं कशाला बोलू? ती फाइल नसती तर साहेबांनी मला घेतलं असतं का, शंकाच आहे. मुलाखतीत "येणार-जाणार कशा?" हे तीनदा विचारलं आणि हिशेबाबद्दल एकदाही नाही.

सदतिसाव्या महिन्यात फाइल मीच बंद केली, माझं नाव वेगळ्या यादीतून काढून सगळ्यांच्यात टाकलं. त्याच दिवशी स्टँडची मागणी पुन्हा लिहिली, या वेळी 'फर्निचर दुरुस्ती' या सदराखाली. दोन आठवड्यांत मंजूर!

भिंग अजून ड्रॉवरमध्ये आहे. साहेबांना हल्ली चाळिशी लागलीय. बिलांवरची बारीक अक्षरं वाचायला तेच मागून नेतात.