आवाज येतो, शब्द कळत नाहीत

बारावीतली ती मुलगी आईबरोबर आली, तेव्हा फाइलमधला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, पाहून काळजी वाटावी असं काही नव्हतं. जाड आवाजांना थोडी श्रवणहानी, बाकी जवळजवळ नॉर्मल. तरी फोनवर तिला काही म्हणजे काही कळत नसे. "लक्षच देत नाही हो," आई म्हणाली. मुलगी एकटक माझ्या ओठांकडे बघत होती. "आवाज येतो मॅडम, शब्द कळत नाहीत."

मी तोंडासमोर कागद धरून साधे शब्द म्हटले. बहुतेक चुकले. कागद बाजूला केला, आवाज तेवढाच ठेवला, आणि बरेचसे बरोबर आले.

मग ओएई ही कानाची चाचणी केली. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केशपेशी असतात; त्यांतल्या बाहेरच्या रांगांतल्या पेशी आवाज आला की स्वतःही बारीक प्रतिध्वनी सोडतात. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हे दाखवून दिलं. तिच्या दोन्ही कानांतून तो प्रतिध्वनी छान आला. म्हणजे या पेशी शाबूत.

त्यानंतर बेरा, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदूचा देठ काय प्रतिसाद देतात ते पाहणारी चाचणी. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड लावून कानात टिकटिक सोडायची. कानाच्या नसेपासून मेंदूच्या देठापर्यंत संदेश जाताना पहिल्या १० मिलिसेकंदांत पाच लहरी उमटतात. तिच्या पडद्यावर सुरुवातीची बारीक थरथर सोडली तर सरळ रेघ. टिकटिकीची दिशा उलटी केली, तशी थरथरही उलटली. म्हणजे तीही कानातल्या पेशींचीच, नसेची नव्हे.

रेघ सरळ असली तरी नस मुकी असते असं नाही. बेरामध्ये शेकडो प्रतिसादांची सरासरी निघते. नसेतले हजारो तंतू एका क्षणी चेतले तरच लहर दिसते. मागेपुढे चेतले की ते एकमेकांना पुसून टाकतात. दिंडीतले टाळ एका ठेक्यावर पडले तर लांबून ओळखू येतात, विस्कटले की नुसता गलका, तसंच हे. अर्नोल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हटलं.

पुढची गोष्ट मेंदूची, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपलं बोलणं सेकंदाला साधारण चार-पाच वेळा चढतं-उतरतं, अक्षरागणिक. मेंदूच्या श्रवणकेंद्रातल्या संथ लहरी, सेकंदाला ४ ते ८, या चढउतारांशी जुळवून घेतात आणि बोलण्याचा प्रवाह तुकड्यांत लावून घेतात. इथे अक्षरांच्या कडाच पुसट पोचत होत्या. आवाज कितीही वाढवला तरी पुसट कड पुसटच राहते, म्हणून घरच्यांचं ओरडणं व्यर्थ जात होतं. ओठ मात्र हाच ताल डोळ्यांना दाखवतात, आणि अनेकदा आवाजाच्या आधी, १०० ते ३०० मिलिसेकंद. ती ठेका डोळ्यांनी पकडत होती, असं माझं मत आहे.

आईला मी पुन्हा पुन्हा सांगितलं की ही पोर तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त लक्ष देते, दिवसभर देते, म्हणून संध्याकाळी थकून जाते. आईचे डोळे भरून आले.

न्यूरॉलॉजिस्टकडे आणि एमआरआयसाठी पाठवलं. दोष पेशी आणि नस यांच्या जोडावर असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे नसेला थेट विजेचे संदेश देणाऱ्या, कानात बसवायच्या उपकरणाचा, चांगला उपयोग होऊ शकतो, कारण विजेचे ठोके तंतूंना एकत्र चेतवतात. दोष नसेतच असेल तर तेवढी खात्री देता येत नाही. तोवर कॉलेजसाठी पत्र दिलं: पहिला बाक, शिक्षकांच्या गळ्यात वायरलेस माइक, आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये.