शीट फिल्मची पेटी आणि सुरक्षा तपासणीतली चाळीस मिनिटे

गेल्या ऑक्टोबरात लडाखला जाऊन मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्यावर निसर्गचित्रे काढण्याचे काम मी एकदाचे पुरे केले. मुक्काम, गाडी, परवाने हे सगळे सुरळीत पार पडले, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायचे आहे ते पुण्याहून लेहला जाताना वाटेत जिथे विमान बदलले तिथल्या सुरक्षा तपासणीविषयी, कारण तो प्रसंग आठवला की मला अजूनही संताप येतो.

माझ्याजवळ चार बाय पाच इंची फिल्मचा घडीचा लाकडी कॅमेरा, दोन लेन्स, अंधारात शीट भरून कॅमेऱ्याला लावायचे पाच होल्डर, चेंजिंग बॅग आणि इलफर्ड एफपी४ प्लस या कृष्णधवल शीट फिल्मची, म्हणजे एका चित्राला एक अशा सुट्या तुकड्यांची, एक पेटी होती. शिवाय १२० आकाराच्या रोल फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी कोडॅक एक्टारचे सहा आणि रात्रीच्या आकाशासाठी डेल्टा ३२०० चे दोन रोल घेतले होते. पेटीत मूळच्या २५ शीट होत्या. त्यातल्या चार मी घरी काढून घेतल्या होत्या, तीन लेन्सच्या चाचणीसाठी आणि एक फ्रिजमध्ये जपून ठेवण्यासाठी. म्हणजे पेटीचे सील मी स्वतःच तोडलेले होते, आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू झाला.

निघालो त्या विमानतळावर हाताने तपासणी करा अशी विनंती करताच रोल आणि पेटी बाजूला घेऊन दोन मिनिटांत परत मिळाली. विमान बदलले तिथे मात्र हातातल्या सामानासाठी नवे सीटी स्कॅनर होते. जुन्या यंत्रात बॅग एक्स-रे किरणांसमोरून एकदा सरकते, त्यामुळे १०० किंवा ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) फिल्म एखाददुसऱ्या तपासणीत सहसा खराब होत नाही. सीटी यंत्रात मात्र किरणांचा स्रोत बॅगेभोवती फिरतो, वेगवेगळ्या कोनांतून असंख्य छेद घेतले जातात आणि फिल्मवर पडणारी मात्रा कितीतरी जास्त होते. कमी आयएसओची फिल्मसुद्धा त्यातून धुकट होऊ शकते, सावलीतला तपशील जातो आणि झालेले नुकसान कोणत्याही रसायनाने भरून येत नाही. कोडॅक आणि इलफर्ड या दोन्ही उत्पादकांनी फिल्म अशा यंत्रातून नेऊ नये असे स्पष्ट सांगितलेले आहे.

मी हे सगळे शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. ट्रेपाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने यंत्राने काही होत नाही, रोज शेकडो कॅमेरे जातात, असे उत्तर दिले. कॅमेऱ्याला काही होत नाही, प्रश्न फिल्मचा आहे, हे मी तीन वेळा सांगितले. शेवटी त्यांनी वरिष्ठांना बोलावले. वरिष्ठ आले, त्यांनी पारदर्शक पिशवीतले आठ रोल हातात घेऊन एकेक पाहिले, स्फोटकांच्या चाचणीची पट्टी त्यांच्यावरून फिरवली आणि ते परत दिले. यासाठी मी त्यांची आभारी आहे. मग त्यांनी शीट फिल्मची पेटी उचलली आणि ती उघडून दाखवायला सांगितली.

पेटी उजेडात उघडली की आतली प्रत्येक शीट त्याच क्षणी निकामी होते. हे वाक्य मी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत म्हणून पाहिले. त्यांचे म्हणणे असे होते की पेटीचे सील तुटलेले आहे, आत काय आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते एकतर यंत्रातून जाईल किंवा इथेच राहील. त्यांच्या जागी उभे राहून विचार केला तर या म्हणण्यात तथ्य आहे हे मला आज कळते, पण तेव्हा विमान सुटायला पन्नास मिनिटे उरली होती, माझ्यामागची रांग वाढत होती, आणि माझ्या हातात दाखवायला एकही छापील कागद नव्हता. दुसरे अधिकारी आले, त्यांनी पेटी कानाशी धरून हलवून पाहिली. तिसरे आले, त्यांनी मी कुठे नोकरी करते ते विचारले. पहिल्याला सांगितलेले दुसऱ्याला आणि दुसऱ्याला सांगितलेले तिसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत होते, आणि प्रत्येक वेळी माझा आवाज थोडा चढत होता. आवाज चढवल्याने तपासणी लांबते, हे मी अनुभवाने सांगते.

शेवटी मला चेंजिंग बॅग आठवली. ही दोन बाह्या असलेली काळ्या कापडाची पिशवी असते. चेन लावून बाह्यांमधून हात आत घातले की पिशवीच्या आत पूर्ण अंधारात काम करता येते. मी पेटी तिच्यात ठेवली, चेन लावली, एका बाहीतून माझा हात आणि दुसऱ्या बाहीतून रबरी हातमोजा घातलेला एका महिला अधिकाऱ्यांचा हात, अशा रीतीने आम्ही दोघींनी मिळून ती पेटी उघडली. त्यांनी शीटची चळत चाचपली, कडा मोजल्यासारख्या केल्या, पेटीचा तळ तपासला आणि मान हलवली. एकंदर चाळीस मिनिटे गेली होती. मी गेटवर पोहोचले तेव्हा शेवटचे चार प्रवासी आत जात होते, आणि आसनावर बसल्यावर माझे हात थरथरत होते.

म्हणून शीट फिल्म नेणाऱ्यांनी पेटी घरी मुळीच उघडू नये, होल्डर रिकामे न्यावेत आणि मुक्कामी पोहोचल्यावरच भरावेत. उत्पादकांची सीटी स्कॅनरविषयीची सूचना छापून फिल्मबरोबर ठेवावी. फिल्म चेक-इन सामानात कधीही टाकू नये, कारण तिथली यंत्रे आणखी तीव्र असतात. शिशाच्या पिशवीवरही भिस्त ठेवू नये. यंत्राला तिच्या आतले दिसत नाही, त्यामुळे संशय वाढतो आणि पिशवी उघडून पुन्हा तपासली जाते. कॅमेऱ्यात भरलेला रोल ठेवून प्रवास करू नये, कारण कॅमेरा यंत्रातून जाणारच. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेतच हव्यात. ट्रायपॉड आणि स्क्रू कसायचे पाने मी चेक-इनमध्ये टाकले होते, तरीही सात किलोंची मर्यादा सांभाळण्यासाठी एक लेन्स जाकिटाच्या खिशात ठेवावी लागली.

लेहला पहिले दोन दिवस उंचीची सवय होण्यासाठी विश्रांती घेतली आणि पुढचे आठ दिवस लामायुरू, नुब्रा आणि त्सो मोरिरी या भागांत काम केले. थंडीत फिल्म कडक होते आणि रोल भरभर फिरवला तर स्थिर विजेच्या ठिणग्यांचे डाग पडतात, म्हणून पहाटे रोल अगदी सावकाश पुढे न्यावा.

परतीची मला अधिक धास्ती होती, कारण आता पेटीतल्या शीटवर चित्रे उमटलेली होती आणि ती पुन्हा मिळणार नव्हती. म्हणून लेहमध्येच एक शीट उजेडात काढून मी ती मुद्दाम वाया घालवली. तपासणीच्या वेळी आधी ती शीट अधिकाऱ्यांच्या हातात दिली, अशाच वीस शीट या पेटीत आहेत असे सांगितले आणि चेंजिंग बॅग शेजारी उलगडून ठेवली. लेहलाही आणि विमान बदलतानाही पट्टीची चाचणी करून पाच मिनिटांच्या आत पेटी परत मिळाली. ज्या रांगेत जाताना मी चाळीस मिनिटे उभी होते, त्याच रांगेत हे घडले याचे मला फार समाधान वाटले. अशी एक वाया गेलेली शीट आता माझ्या बॅगेत कायम असते.

घरी आल्यावर फ्रिजमधली शीट आणि प्रवास करून आलेली, पण प्रकाश न दिलेली एक शीट अशा दोन्ही एकाच ट्रेमध्ये आयडी-११ या डेव्हलपरमध्ये धुतल्या आणि लाइट टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मला त्यांच्यात फरक दिसला नाही. यंत्र टाळण्यासाठी केलेला हट्ट कामी आला होता.

चाचपताना वाकलेल्या दोन शीटवर मात्र चंद्रकोरीच्या आकाराचे डाग पडले आहेत. अंधारात त्या कोणत्या हे कळण्याचा मार्ग नव्हता. त्यातली एक लामायुरूच्या पिवळ्या मातीच्या टेकड्यांची आहे, आणि तिच्यात डाग बरोबर मोकळ्या आकाशात आला आहे.