रुळांखालची पुरलेली भिंत

रॅट मायनर हे नाव देशभर पोहोचले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्यात १२ तारखेला ४१ मजूर अडकले, त्यांच्याकडे निघालेले ऑगर यंत्र (फिरत्या पात्यांनी माती कापत जाणारे) ढिगाऱ्यातील लोखंडात अडकून मोडले, आणि मग ८०० मिलिमीटर व्यासाच्या नळीत शिरून शेवटचा टप्पा हाताने खोदणाऱ्या या माणसांमुळे २८ तारखेला वाट मोकळी झाली. मेघालयातील उंदराच्या बिळांसारख्या ज्या अरुंद कोळसाखाणींवरून हे नाव पडले, तिथल्या खोदाईच्या पद्धतीवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्येच बंदी घातली होती. परंतु सिलक्याराला गेलेल्या या माणसांचा रोजचा व्यवसाय शहरांतील पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या जमिनीखालून पुढे ढकलण्याचा होता.

दिल्लीजवळ रेल्वेच्या भरावाखालून सांडपाण्याची वाहिनी नेण्याच्या कामावर देखरेख अभियंता असताना अशाच एका टोळीबरोबर मी काम केले. खड्ड्यात बसवलेले जॅक पोलादी नळी मागून रेटतात आणि तिच्या पुढच्या टोकाशी माती काढत जावे लागते. वरून गाड्या ताशी २० किलोमीटरने चालू असतात, आणि रूळ किती खचला याची नोंद सतत घ्यावी लागते.

त्या दिवशी पहाटे ऑगरची पाती कशात तरी गुंतली. कोणत्याही नकाशात नसलेली, चुन्यात बांधलेली विटांची भिंत तिथे पुरलेली होती. यंत्राचे तुकडे कापून मागे ओढल्यावर टोळीचे मिस्त्री आत गेले. आत गुडघ्यांवरही नीट बसता येत नाही. एक जण आखूड दांड्याच्या कुदळीने खोदतो, दुसरा ट्रॉली भरतो, बाहेरचे दोघे ती दोरीने ओढतात, आणि ब्लोअरची हवा थांबली की सगळ्यांनी बाहेर यायचे असते. वाळूमिश्रित मातीत नळीच्या तोंडापुढे वीतभरही पोकळी होऊ द्यायची नाही, हा नियम मी पुस्तकात वाचला होता. मिस्त्री तो कसा पाळतात हे मात्र मी त्यांच्या मागे सरपटत जाऊन पाहिले. हातोडीने ते भिंतीवर ठिकठिकाणी ठोकत होते. खालच्या बाजूला आवाज बदलला, तसे त्यांनी हत्यार खाली ठेवले आणि म्हणाले, "साहब, पीछे खाली है. अभी नहीं तोड़ूँगा."

बाहेर कंत्राटदाराचा पर्यवेक्षक वेळेचा हिशेब ओरडून सांगत होता. अशा माणसांना खड्ड्याच्या काठावर उभे राहण्याचा अधिकार कोण देतो, हे मला आजही समजत नाही. मिस्त्रींनी लाकडाची खुंटी तासून जवळ घेतली आणि छिन्नीने अंगठ्याएवढे एकच भोक पाडले. काळे पाणी आले, त्यामागून कुजका वास आला आणि वायुमापक वाजू लागला. कुजक्या वासाचा हा विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, वाढला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे समजणारे जिवाला मुकतात. मिस्त्रींनी खुंटी ठोकून भोक बंद केले आणि सर्वांना बाहेर काढले. हवा पुरेशी खेळवून वायुमापक शांत झाल्यावरच ते पुन्हा आत शिरले. खुंटी सैल करत त्यांनी पाणी थोडेथोडे काढले, मागच्या मऊ गाळापुढे वाळूची पोती दाबून बसवली आणि पोकळीत सिमेंटचे पातळ मिश्रण भरून घेतले. मिश्रण घट्ट झाल्यानंतर नळी जाईल तेवढ्याच विटा त्यांनी एकेक करून सोडवल्या.

ती कोणे एके काळी बुजवलेली मोरी होती. भिंत एकदम फोडली असती तर गाळ नळीत घुसला असता आणि त्याच्या जागी वरचा भराव, रुळांसकट, खाली आला असता. रुळाची पातळी शेवटपर्यंत मर्यादेत राहिली.

नंतर माझ्यासमोर सहीसाठी जी कागदपत्रे आली, त्यांत हे काम 'ऑगर बोरिंग' या दराने दाखवलेले होते आणि हजेरीपत्रकात मिस्त्रींसह संपूर्ण टोळी 'अकुशल' या रकान्यात होती. वेल्डर कुशल, यंत्रचालक कुशल; आणि आवाजावरून पोकळी ओळखून धावत्या गाडीखालची जमीन सांभाळणारा माणूस अकुशल! मी हजेरीपत्रक परत पाठवले. या हुद्द्याला मान्यता नाही, असे उत्तर आले. सिलक्याराच्या वेळी याच माणसांना हार घालणाऱ्या व्यवस्थेला त्यांच्यासाठी एक रकाना सापडू नये, याचा मला मनस्वी संताप येतो. वरिष्ठांचे म्हणणे असे की, हाताने खोदणे कागदावर मान्य केले तर असुरक्षित पद्धत मान्य केल्यासारखे होईल. या आक्षेपात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. परंतु यंत्र बंद पडले की ही पद्धत वापरली जातेच, आणि ती कागदावर नसल्यामुळे त्यांचा विमा, वायुमापक, सुटकेचा दोर या गोष्टी कुणाच्या तरी मर्जीवर राहतात.

पुढच्या निविदेच्या मसुद्यात मी 'हस्तखोदाई, कुशल' अशी स्वतंत्र बाब घातली असून तिच्यासोबत सुरक्षासाधनांची यादी सक्तीची केली आहे. मसुदा अद्याप लेखा विभागात आहे, आणि दुसऱ्या रेल्वेमार्गाखालचे काम करायला तीच टोळी येणार आहे.