हात उचल गा

दिवाळी झाली, धान कापून झालं की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, नाटकं सुरू होतात. वडसा हे आमचं ठाणं. दुपारी तिथून गाडी निघते, रात्री पडदा उघडतो आणि परतेपर्यंत उजाडतं. मी ऑर्गनवर बसतो. त्या वर्षी एका नाटकाचं पार्श्वसंगीत पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं, त्यामुळे हात जरा जास्तच शिवशिवत होते.

तिसऱ्या अंकात पोराच्या आत्महत्येची बातमी आईला कळते. त्या जागेसाठी मी भैरवीच्या वळणाची १६ मात्रांची धून बांधली होती, वर ऑक्टोपॅडचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमचा, गडगडाट. तालमीत सगळ्यांनी वा वा केली. तबल्यावरचे काका तेवढे काही बोलले नाहीत.

सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात प्रयोग होता. शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा दिवस, मंडप गच्च. रात्रीचे अडीच वाजलेले. बातमी आली, आईचं काम करणाऱ्या बाई हातात विळा घेऊन उभ्या राहिल्या. माझी बोटं टेकणार तेवढ्यात काकांनी मनगट धरलं. "हात उचल गा."

मला घाम फुटला. आमच्याकडे जरा रिकामी जागा दिसली की शिट्टी येते. बाईही गोंधळल्या, त्यांना धून सुरू झाली की कोसळायचं होतं. धून येईना, म्हणून त्या तशाच उभ्या. मग त्यांनी विळा खाली ठेवला. टाकला नाही, रोज घरी ठेवत असतील तसा भिंतीकडेला ठेवला. मंडपामागच्या जनरेटरची घरघर ऐकू येत होती. पुढे बसलेलं एक पोर म्हणालं, "आई, ते बाई काहून बोलत नाही वो?" कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूने एक हुंदका आला, तेव्हा काकांनी मनगट सोडलं. मी खर्जातला सा धरला. त्याच्यावर चढवायला दुसरा सूर सापडलाच नाही.

परतताना निर्माते वैतागले होते, "पैसे पुऱ्या संगीताचे अन् वाजवलं एकच बटन?"

काका दरवर्षी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीला जातात. तिथे ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. गाडीत मला म्हणाले, "ज्या खंजिरीनं गावंच्या गावं जागवली, ते खंजिरी चूप. लाखो मानसं चूप. तिथं कोन मात्रा मोजते?" मग मांडीवर तीनताल धरून दाखवला, "खालीत डग्गा चूप बसते, म्हनून त सम कळते." खाली म्हणजे तालातली बिनटाळीची जागा, सम म्हणजे पहिली मात्रा.

पटलं, असं मला वाटलं. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात मी आपणहून हात उचलला आणि मनात ८ मात्रा मोजायला लागलो. पाचव्यालाच शिट्टी. मोजण्याच्या नादात मी बाईंकडे बघितलंच नव्हतं. त्या विळा ठेवून कधीच्या खाली बसल्या होत्या.

सीझन संपेपर्यंत त्या धुनेतल्या १२ मात्रा गेल्या. ऑक्टोपॅड पुरताच गेला (ऑक्टोपॅडवाला अजून माझ्याशी धड बोलत नाही). उरलेल्या चार मी विळा जमिनीला टेकला की वाजवतो. एका रात्री बाईंनी तो ठेवलाच नाही, हातात घेऊनच विंगेत गेल्या. त्या दिवशी तेवढ्याही वाजवायच्या राहून गेल्या.