रेड 5 चं रेड 6 करताना

आमच्या फोटो स्टुडिओच्या सर्व्हरमध्ये 4 टीबीच्या चार डिस्क रेड 5 मध्ये होत्या. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा, त्यालाच अॅरे म्हणतात. रेड 5 मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते, म्हणजे हरवलेला डेटा परत काढून देणाऱ्या हिशेबाला. वेगळं कार्ड वगैरे काही नाही, लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड, एमडीएडीएम या कमांडवर चालणारा. मागे एक डिस्क गेली तेव्हा नवी लावली आणि रिबिल्ड (गेलेल्या डिस्कवरचा डेटा नवीवर पुन्हा उभारणं) सुखरूप झाला, पण तोवर जीव टांगणीला होता. रेड 5 मध्ये एक डिस्क गेली की उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात 10 चा 14 वा घात इतक्या बिट्समागे एक न वाचता येणारी चूक, असं प्रमाण दिलेलं असतं. म्हणजे साडेबारा टीबीमागे एक. आम्हाला वाचायचे होते बारा! प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्याच बऱ्या वागतात, पण लोकांच्या लग्नाचे फोटो घेऊन जुगार कोण खेळणार? रेड 6 मध्ये दुसरी पॅरिटीही असते, त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. म्हणून पाचवी डिस्क घालून तिकडे जायचं ठरवलं.

पाचवी डिस्क घेताना दुकानदाराला विचारलं, सीएमआर आहे की एसएमआर? तो म्हणाला, "साहेब, डिस्क ती डिस्क." तसं नसतं. एसएमआरमध्ये ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल रेघा, एकमेकांवर चढवलेले असतात, तासन् तास लिहायला लावलं की ती धापा टाकते. मॉडेल नंबर तपासून सीएमआरच, म्हणजे ट्रॅक सुटे असणारी, घेतली.

खरा वेळ गेला तो पूर्वतयारीत. सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवला, कारण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. पाचही डिस्कची स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या तपासणी-यंत्रणेची) लांब चाचणी घेतली, पेंडिंग (वाचायला अडणारे, संशयित) सेक्टर शून्य आहेत ना ते पाहिलं, अॅरेची एकदा पूर्ण तपासणी केली आणि बिटमॅप (कुठे लिहिणं अर्धवट आहे याची नोंद) काढून टाकला. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, म्हणून गुरुवारी संध्याकाळी लाइट परत आल्यावरच काम सुरू केलं. यूपीएस होताच.

नवी डिस्क आधी स्पेअर (राखीव) म्हणून जोडली. मग अॅरेची रचना बदलणारी ग्रो कमांड: लेव्हल 6, डिस्क 5, आणि बॅकअप फाइलचा पत्ता. या फाइलवर लोक घाईने पुढे सरकतात. डेटाच्या डिस्क आधीही तीन, नंतरही तीनच. त्यामुळे प्रत्येक पट्टा (सगळ्या डिस्कवर मिळून पसरलेला डेटाचा तुकडा) जिथल्या तिथेच नव्याने लिहिला जातो. लिहिण्याआधी त्याची प्रत या फाइलमध्ये जाते, आणि मध्येच मशीन बंद पडलं तर तेवढा तुकडा फक्त तिथेच शिल्लक असतो. ती फाइल त्याच अॅरेवर ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावणं. मी ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या एसएसडीवर ठेवली.

अॅरेची स्थिती दाखवणारं एमडीस्टॅट उघडलं तर लेव्हल 6, अल्गोरिदम 18, पाचपैकी चार, आणि कंसात चालू डिस्कच्या चार यूपुढे एक आडवी रेघ. बघणाऱ्याला वाटावं डिस्क गेली. तसं काही नसतं. 18 ही मधली मांडणी आहे, दुसरी पॅरिटी अजून लिहून व्हायची असते. वेग सेकंदाला जेमतेम 20,000 के (किलोबाइट), आणि फिनिशसमोर सव्वातीन हजार मिनिटं. स्ट्राइप कॅशे (पट्ट्यांसाठी वापरली जाणारी रॅम) 256 वरून 8192 केला, त्यासाठी 160 एमबी रॅम गेली आणि वेग थोडा वाढला. गंमत म्हणजे या सगळ्या काळात अॅरे माउंट केलेलाच होता. एडिटिंग चालू राहिलं, फक्त मोठ्या व्हिडिओला जरा अडखळायचं.

संपल्यावर अल्गोरिदम 2 झाला, पाचही यू दिसले. बिटमॅप परत लावला, कॉन्फिग फाइल तपासली, बूटच्या सुरुवातीला लागणारं इनिटरॅमएफएस नव्याने बनवलं आणि मशीन एकदा रीबूट करून अॅरे आपोआप उभा राहतो ना, ते पाहिलं. मग पुन्हा पूर्ण तपासणी, मिसमॅच (डेटा आणि पॅरिटीतली विसंगती) शून्य.

भागीदाराने जागा पाहिली. आधी 12 टीबी, आताही 12 च. "मग नव्या डिस्कचे पैसे गेले कुठे?" म्हणाला. त्याला समजावण्यात या सगळ्या रिशेपपेक्षा (रचनाबदलापेक्षा) जास्त दमलो.