चालणाऱ्यांसाठी बांधलेले कॅथेड्रल

शेगावहून पंढरपूरला निघालेली श्रींची पालखी पातूर सोडून मेडशीच्या वाटेला लागली, तेव्हा पाऊस अजून लागायचा होता आणि दोन्ही बाजूंची वावरे वखरून पेरणीसाठी तयार होती. पालखीमागे माझ्यासोबत वाशीमकडचे एक म्हातारे शेतकरी चालत होते. मी स्पेनमधील सान्तियागो दे कॉम्पोस्तेलाच्या यात्रेची वाट काही अंतर चाललो आहे, हे कळताच त्यांनी नेमका प्रश्न विचारला, “मंग तेथं शेवटी कोन भेटते जी?”

शेवटी भेटतो संत याकोब, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. यरुशलेममध्ये हेरोद राजाने त्याला तलवारीने मारवले, त्यानंतर त्याचा देह नावेतून स्पेनच्या वायव्य टोकाला, गॅलिसियात आणला गेला, अशी श्रद्धा आहे. नवव्या शतकात ती कबर सापडल्याचे मानले गेले, दुसऱ्या अल्फोन्सो राजाने तिच्यावर लहानसे चर्च बांधले आणि युरोपभरातून लोक पायी येऊ लागले. ९९७ साली दक्षिण स्पेनमधील कॉर्दोबाच्या मुस्लिम राज्याचा सेनानी अल-मन्सूर याने ते गाव जाळले आणि चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कॉर्दोबाला नेल्या. १२३६ मध्ये ख्रिस्ती सैन्याने कॉर्दोबा जिंकल्यावर त्या परत आल्या, आणि या वेळी खांदे मुसलमान कैद्यांचे होते. देवाच्या नावाने चाललेल्या या हिशेबात ओझे दोन्ही वेळा कैद्यांनीच वाहिले, हे मला विसरता येत नाही.

आजच्या कॅथेड्रलचे काम १०७५ साली सुरू झाले आणि १२११ मध्ये त्याचे अभिषेचन झाले. समोरचा भपकेबाज दर्शनी भाग अठराव्या शतकातला आहे. लोक त्याचेच फोटो काढतात, पण माझ्या मते या वास्तूचे खरे मोल तिच्या आराखड्यात आहे. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंच्या पडव्या क्रुसाच्या आडव्या भुजांना वळसा घालून थेट वेदीच्या मागून फिरतात, त्यामुळे पुढे उपासना चालू असतानाही यात्रेकरूंचा लोंढा कोणालाही न अडवता संपूर्ण प्रदक्षिणा करून बाहेर पडू शकतो. वाट आधी रुळली आणि तिच्या गर्दीच्या मापाने दगड रचले गेले. हे सांगितल्यावर काकांनी पंढरपूरची दर्शनबारी आठवून मान डोलावली.

पश्चिमेच्या प्रवेशाशी मातेओ नावाच्या शिल्पकाराचा ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’ हा कोरीव प्रवेशमंडप आहे. त्याच्या चौकटीवर ११८८ हे साल कोरलेले आहे. मधल्या संगमरवरी खांबावर, कोरलेल्या वेलींच्या मध्ये, पाच बोटे बसतील एवढे खळगे पडले आहेत. छिन्नी न लागता, आत शिरताना हात टेकणाऱ्या यात्रेकरूंच्या पिढ्यांनी ते झिजवले. आता तेथे हात लावता येत नाही. मूर्तीला मात्र स्पर्श होतो: वेदीमागच्या पायऱ्या चढून यात्रेकरू याकोबाला पाठीमागून मिठी मारतो. धुपाटणेही तिथल्या डामडौलाला साजेसे, तब्बल ५३ किलोचे. आठ माणसे दोर ओढून ते छताखाली झुलवतात.

काकांना सर्वांत जवळची वाटली ती अस्थी हरवल्याची हकिगत. १५८९ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्याच्या भीतीने त्या लपवल्या गेल्या आणि जागाच विस्मरणात गेली; १८७९ च्या उत्खननात अवशेष मिळाले आणि १८८४ मध्ये तेरावे पोप लिओ यांनी ते याकोबाचेच असल्याचे मान्य केले. “आपला विठोबाबी हंपीले गेलता, भानुदासानं आनला,” काका लगेच म्हणाले. आपल्या परंपरेतली ती कथा त्यांना तोंडपाठ होती. देव हरवला तरी लोक तीनशे वर्षे चालत राहिले, याचे त्यांना मुळीच नवल वाटले नाही.

याकोबाचा सण २५ जुलैला असतो. तो रविवारी आला, की ते पवित्र वर्ष मानले जाते आणि एरवी बंद असणारा पवित्र दरवाजा वर्षभर उघडा राहतो. पुढचे असे वर्ष २०२७ आहे. त्याआधी २०२६ मध्ये आषाढी एकादशीच २५ जुलैला येते. हे ऐकून काकांनी तारीख पुन्हा विचारून घेतली आणि पुढच्या टाळकऱ्यालाही सांगितली.