पाटणादेवीची वानरं

पाटणच्या महादेवाच्या जोत्यावर एक वानरी बसली होती. पोटाला पिल्लू चिकटलेलं आणि हातात वेफर्सचं रिकामं पाकीट. तिने ते उलटं करून आतून चाटलं. मग पिल्लाने तेच तोंडात घातलं. चाळीसगावहून अठरा किलोमीटर ज्या देवळासाठी आलो, ते त्यानंतर मला नीट दिसलंच नाही.

खरं तर देऊळ फार मोलाचं. इथल्या शिलालेखात शके १०७५ म्हणजे इ.स. ११५३ असं साल आहे, काम निकुंभ राजांच्या काळातलं. पाटणचाच दुसरा शिलालेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. त्या मठासाठी गावात जेवढे घाणे चालतील, तेवढ्यांमागे पळी पळी तेल लावून दिलेलं. गणिताच्या मठाला घाण्यावरचं पळीभर तेल! हे वाचल्यापासून मला इथे यायचंच होतं.

भोवती गौताळ्याचं अभयारण्य. फेब्रुवारी सरत आलेला, पळस फुललेला. वानरांचं पोट कप्प्याकप्प्यांचं, पाला आंबवून पचवणारं. तो पाला, ती फुलं शंभर पावलांवर आहेत. तरी देवळापुढे माणसं पाकिटं फोडून उभी! एक पोरगा बिस्कीट वर-खाली करून वानराला खेळवत होता, वडील मोबाईलवर शूटिंग करत होते. वानराने दात विचकले तेव्हा सगळे हसले. मी बोललो, तर म्हणाले, "मारुतीचं रूप आहे, साहेब. पुण्य लागतं." त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

मग एक आजी आल्या. नऊवारी, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. अर्धी मोडून त्यांनी त्या वानरीपुढे ठेवली. "खाय माय, तू बी लेकुरवाळी शेस." आणि हात जोडून देवीकडे निघाल्या. त्यांना मी काय सांगणार होतो? भाकरीसुद्धा घालू नये, हे मला माहीत आहे. पण शब्द फुटला नाही. अजिंठ्याला मुलीच्या हातात केळं मीच दिलं होतं, वानरासोबत फोटो हवा म्हणून. तो फोटो आमच्या बैठकीत अजून लावलेला आहे.

दुसऱ्या दिवशी पितळखोऱ्याची लेणी पाहिली. ऊन फार होतं.

पण त्या दुपारी निघण्याआधी मी पिशवी काढली आणि जोत्याभोवतीची पाकिटं वेचायला लागलो. दगडांच्या फटींत खुपसलेली काडीने ओढून काढली. मघाच्या त्या पोराने न सांगता चार-पाच आणून दिली. वडिलांनी हाक मारली तरी तो थांबला. पिशवी भरली.

वानरीच्या हातातलं पाकीट तेवढं मिळालं नाही. मी जवळ जाताच ती भाकरी टाकून, ते घट्ट धरून झाडावर चढली.